जुन्या प्रतिस्पर्ध्याशी सामना आहे? ‘कोण कुणाला धरणार’ हे या क्रमाने ठरवा

कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे मॅच-अप, म्हणजे आपल्यापैकी कुणी समोरच्या कुणाला धरायचं (अडवायचं), बहुतेक वेळा वॉर्म-अप संपता संपता ठरतात. सर समोरच्या रिंगकडे बघतात, ‘तो उंच तुझा, तो बँडवाला तुझा, आठ नंबर कॅप्टन घेईल’ असं सांगतात आणि शिट्टी वाजते. एरवीच्या सामन्यात हे खपून जातं. दरवर्षी ज्यांच्याशी गाठ पडते त्या टीमसमोर मात्र खपत नाही, कारण ते आपल्याला ओळखून असतात. आपला कोण डावीकडे जात नाही, तिसऱ्या फाउलनंतर कोण हात आखडता घेतो, कुणाला डिवचलं की तो वेडेवाकडे शॉट मारतो, हे सगळं त्यांना पाठ असतं.

बहुतेक जण सुरुवात त्यांच्या सगळ्यात चांगल्या खेळाडूपासून करतात आणि त्याला कोण धरणार यावरच बैठक संपते. चूक इथेच होते. आधी ठरवायचं ते कुणाला सोडायचं. पाचही जणांना पूर्ण ताकदीने धरणं कुठल्याच टीमला जमत नाही. आपण ठरवलं नाही तर कोण मोकळा राहणार हे ते ठरवतात.

खालची पद्धत मॅन-टू-मॅन, म्हणजे प्रत्येकाने ठरलेल्या एकाला धरून, खेळणाऱ्या टीमसाठी आहे. नियम फिबाचे (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे) धरले आहेत: 10 मिनिटांचे चार क्वार्टर, 24 सेकंदांचं शॉट क्लॉक, पाच फाउलना बाहेर.

## 1. माहिती गोळा करा, पण एका पानात बसेल एवढीच

सुरुवातीचे पाच आणि बेंचवरून नेहमी येणारे तीन, एवढ्या आठ जणांची माहिती पुरते. शक्य असेल तर त्यांचा एक सामना दोघांनी बसून बघा. पहिल्याने फक्त शॉट टिपायचे. कागदावर अर्धं कोर्ट काढायचं, जिथून शॉट गेला तिथे खेळाडूचा नंबर लिहायचा, बास्केट झाली तर नंबराला गोल, नाहीतर काट. दुसऱ्याने बॉलकडे बघायचंच नाही. स्क्रीनवर (साथीदाराला मोकळं करायला त्याच्या डिफेंडरच्या वाटेत उभं राहण्यावर) ते काय करतात, कोण बॉक्स-आउट करत नाही (रिबाउंडच्या वेळी समोरच्याला पाठीने अडवत नाही), मागे पळायला कोण आळशी आहे, एवढंच त्याने बघायचं. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर साइडलाइनवरून करू नका, रिंगच्या मागे उंचावर उभे राहा. बाजूने घेतलेल्या व्हिडिओत कोण कुणावर आहे तेच कळत नाही.

सामना बघायला मिळाला नाही तरी हातपाय गाळायचं कारण नाही. आपल्याकडे कॉलेजची मुलं संध्याकाळी एकाच क्लबच्या ग्राउंडवर खेळतात, जिल्ह्याच्या टीममध्ये एकत्र असतात. म्हणजे निम्मी माहिती आपल्याच बेंचवर बसलेली असते. फक्त प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. सगळ्यांना एकत्र बसवलं की ज्याचा आवाज मोठा त्याचंच मत पानावर येतं.

एका खेळाडूची नोंद साधारण अशी असावी:

‘7. उजवा. उजवीकडून गेला तर रिंगपर्यंत जातो. डावीकडे दोन ड्रिबल, मग थांबून शॉट. तीन पॉइंट फक्त कोपऱ्यातून, वरून (रिंगसमोरून) नाही. शॉट मारल्यावर रिबाउंडला जात नाही, लगेच मागे पळतो. दोनदा अडवला की हाताने फाउल करतो.’

‘चांगला खेळतो, फास्ट आहे’ ही नोंद नव्हे. तिच्यावरून धरणाऱ्याने कुठल्या बाजूला उभं राहायचं ते समजत नाही.

इशारा: गेल्या वर्षीचं पान तसंच काढू नका. कॉलेजची टीम दरवर्षी बदलते. शेवटच्या वर्षाची मुलं जातात आणि बेंचवरचा पोरगा एका उन्हाळ्यात पॉइंट गार्ड होऊन येतो.

## 2. कुणाला सोडायचं ते ठरवा

इथे थोडं गणित लागतं. समजा, त्यांचा एक खेळाडू बाहेरून चारात एक शॉट घालतो. त्याचा तीन पॉइंटचा प्रयत्न सरासरी 0.75 गुणांना पडतो. त्यांचा ड्राइव्ह करणारा (ड्रिबल करत आत घुसणारा) रिंगपाशी पोहोचल्यावर दहात सहा ले-अप घालत असेल, तर तो प्रयत्न 1.2 गुणांचा झाला. पहिल्याचा माणूस दोन पावलं आत घेऊन दुसऱ्याची वाट बुजवणं हा नफ्याचा व्यवहार आहे. पहिल्याने ओळीने दोन घातले तरीही.

हे शेवटचं वाक्य खेळाडूंना आधीच ऐकवून ठेवा. रायव्हल सामन्यात ‘सोडलेल्या’ माणसाने पहिला शॉट घातला की त्यांचं अख्खं कॉलेज ओरडतं, आपला डिफेंडर घाबरून त्याला जाऊन चिकटतो आणि आत वाट उघडते. किती बास्केटपर्यंत गप्प राहायचं याचा आकडा आदल्या दिवशीच ठरवा. तीन ठीक आहे. तिसरी पडेपर्यंत योजना बदलायची नाही, आणि बदलेल ती सर बदलतील, कोर्टवरचा खेळाडू नाही.

सोडणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. तो कुठून मारेल तर चालेल हेही ठरलेलं असावं. कोपऱ्यातून घालत असेल तर कोपरा बंद आणि वरून मोकळा. तो बॉलशिवाय कट मारून आत येत असेल, तर त्याच्याकडे पाठ करून उभं राहणाऱ्या आपल्या माणसाला आधी दुरुस्त करा.

तपासणी: त्यांच्या पाच जणांपैकी निदान एकाच्या, जास्तीत जास्त दोघांच्या नावापुढे ‘सोडायचा’ लिहिलंय का? कुणाच्याच पुढे नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका. तिघांपुढे लिहिलं असेल तर झोन खेळा (माणूस नाही, जागा धरा), उगाच मॅन-टू-मॅनचा आग्रह कशाला?

## 3. आपला कच्चा डिफेंडर कुठे ठेवायचा

प्रत्येक टीममध्ये एखादा असतोच: शॉट सुरेख, पण पाय हलत नाहीत. त्याला त्यांच्या सगळ्यात कमी स्कोअर करणाऱ्यावर लावायचं असा सरधोपट रिवाज आहे. तो बरेचदा उलटतो. त्यांचा तो कमी स्कोअर करणारा स्क्रीन लावण्याचंच काम करत असतो. तो स्क्रीनला वर आला की त्याच्यामागे आपला कच्चा गडीही वर येतो, आणि मग त्यांच्या मुख्य खेळाडूसमोर नेमका तोच उभा राहतो. त्याला झाकायला गेलो आणि व्यासपीठावर आणून बसवला!

म्हणून बघायचं ते हे: त्यांच्यापैकी कोण कमी हलतो. एका कोपऱ्यात उभा राहणारा, स्क्रीन न लावणारा, आक्रमक रिबाउंडला न जाणारा. त्याने एखाद-दुसरा शॉट घातला तरी चालेल. आपला कच्चा डिफेंडर तिथे.

## 4. मुख्य खेळाडूसाठी दोन माणसं लागतात

आता कुठे त्यांच्या हुकमाच्या खेळाडूचा नंबर. इथे तीन चुका हटकून होतात.

पहिली, उंचीला उंची. उंच खेळाडू बाहेरून ड्राइव्ह करणारा असेल तर त्याच्यासमोर आपला सेंटर उपयोगाचा नाही. आणि बुटका गार्ड उडी मारून शॉट घेणारा असेल तर त्याच्यासमोर चपळपेक्षा लांब हाताचा माणूस जास्त त्रास देतो. समोरच्याला काय आवडत नाही ते पानावर बघा, मग माणूस निवडा.

अमेरिकेतल्या ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना या शेजारी विद्यापीठांचं उदाहरण घ्या. फेब्रुवारी 2022 मध्ये चॅपेल हिलला ड्यूकने 87–67 असा सामना मारला तेव्हा त्यांच्या एजे ग्रिफिनने 27 गुण केले होते. महिन्याभरात, 5 मार्चला, ड्यूकच्याच कोर्टवर नॉर्थ कॅरोलायना 94–81 ने जिंकली. ग्रिफिनवर लीकी ब्लॅक हा उंच, लांब हातांचा विंग होता आणि ग्रिफिनचे गुण एक आकडीच राहिले. ब्लॅकचं स्वतःचं स्कोअरिंग बेताचंच असे, आणि ते चालून गेलं, कारण त्या दिवशी बेकॉट, लव्ह, डेव्हिस आणि मॅनेक या चौघांनी प्रत्येकी 20 किंवा जास्त गुण केले. धरण्याचं काम आणि गुण करण्याचं काम वेगळ्या माणसांकडे होतं.

दुसरी चूक नेमकी याच्या उलट: आपला सगळ्यात चांगला स्कोअररच त्यांच्या हुकमी खेळाडूवर लावणं. चौथ्या क्वार्टरपर्यंत त्याचे पाय संपलेले असतात, नाहीतर फाउल चार झालेले असतात. त्याला शेवटच्या पाच-सहा मिनिटांसाठी राखून ठेवा. तोवर दुसरा कुणीतरी झिजू दे.

तिसरी चूक खुन्नस. ‘सर, त्याला मी घेतो. गेल्या वर्षीचं बाकी आहे.’ अशी मागणी आली की समजायचं, या मुलाला त्याच्यावर लावायचं नाही. पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल होतात.

पहिला डिफेंडर कोण, दुसरा कोण आणि दुसरा कधी आत येणार, हे तिन्ही लिहून ठेवा. पहिल्याचा दुसरा फाउल झाला की अदलाबदल असा नियम करा. म्हणजे ऐनवेळी बेंचवर खलबत नको.

## 5. स्क्रीन लागल्यावर काय: प्रत्येक जोडीचं वेगळं ठरवा

मॅच-अपची सगळी मेहनत एका स्क्रीनने वाया जाते. ‘सगळीकडे स्विच करा’, म्हणजे दोन डिफेंडरनी आपापली माणसं अदलाबदल करा, हे सांगायला सोपं, पण मग कोण कुणासमोर येणार ते समोरच्याच्या हातात जातं.

त्याच ड्यूक–नॉर्थ कॅरोलायनाच्या तिसऱ्या सामन्याचा शेवट बघा. 2 एप्रिल 2022, न्यू ऑर्लिन्स, फायनल फोर (राष्ट्रीय स्पर्धेची उपांत्य फेरी). मिनिटभरापेक्षा कमी वेळ, नॉर्थ कॅरोलायना 75–74 ने पुढे. त्यांचा सेंटर बेकॉट पाचवा फाउल करून बाहेर गेलेला. ड्यूकच्या मार्क विल्यम्सचे दोन्ही फ्री थ्रो हुकले. पुढच्या चढाईत स्क्रीननंतर केलेब लव्हसमोर ड्यूकचा हाच सात फुटी सेंटर आला. लव्हने त्याच्या डोक्यावरून तीन पॉइंट मारला, 78–74, तेव्हा साधारण 25 सेकंद उरले होते. सामना 81–77 असा संपला. लव्हचे गुण 28. विल्यम्सने फार काही चुकीचं केलं नाही, हात वर होता. पण त्या रात्री ज्याचा शॉट पडत होता त्याच्यासमोर रिंगपासून इतक्या लांब आपला सेंटर उभा राहू द्यायचा का, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवायचा असतो.

त्यासाठी एक छोटा तक्ता करा. त्यांचा बॉल हाताळणारा आणि स्क्रीन लावणारा अशा नेहमीच्या दोन-तीन जोड्या घ्या. प्रत्येकीपुढे आपले कोण ते लिहा आणि तीनपैकी एक शब्द: स्विच, वरून जा (स्क्रीनच्या पुढून, आपल्या माणसाला चिकटून), खालून जा (स्क्रीनच्या मागून, रिंगच्या बाजूने). वरून जायचं ते शूटरवर, खालून ज्याचा बाहेरचा शॉट नाही त्याच्यावर. आणि शेवटच्या दोन मिनिटांसाठी हाच तक्ता पुन्हा करा, तेव्हा उत्तरं बदलू शकतात.

हाकांचंही ठरवा. ‘स्विच’ आणि ‘स्टिक’ (आपल्याच माणसाला धरून राहा) दोन्ही ‘स’ने सुरू होतात, ढोल-ताशाच्या गोंगाटात फरक कळत नाही. ‘बदल’ आणि ‘राहा’ असे वेगळे वाजणारे शब्द घ्या, आणि सोबत पाठीवर थाप.

तपासणी: कुठल्याही खेळाडूला थांबवून विचारा, ‘सात नंबरला चार नंबरने स्क्रीन लावली, तू काय करणार?’ दोन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ते सामन्यातही येणार नाही.

## 6. पळत आले तर मॅच-अप विसरा

फास्ट ब्रेकवर आपापला माणूस शोधत फिरणारी टीम सोप्या ले-अप देते. क्रम साधा ठेवा: आधी एक जण रिंगखाली, मग एक जण बॉलसमोर, मग बाकीच्यांनी जवळचा दिसेल तो धरायचा. आपल्या मूळ माणसाकडे परत जायचं ते बॉल दुसऱ्या बाजूला असताना किंवा खेळ थांबल्यावर. बॉल आपल्याच बाजूला असताना ‘तुझा तुझा, माझा माझा’ सुरू झालं की कुणीतरी मोकळा राहतो.

## 7. आपल्या चढाईचे मॅच-अप

डिफेन्सवर इतकं बोलून झालं की या भागाला वेळ उरत नाही, म्हणून हे थोडक्यात. तिसऱ्या टप्प्यातला विचार उलटा करा: त्यांचा कच्चा डिफेंडर कोण आणि त्याला ते कुठे ठेवतील? तो ज्याच्यावर असेल त्याला स्क्रीन लावायला वर पाठवा. दुसरं, त्यांच्या मुख्य स्कोअररला धरायला लावा. तो ज्याच्यावर आहे त्याला सतत कट मारायला सांगा, बॉल मिळो न मिळो. असे दोनच मुद्दे खेळाडूंना द्या. पाच नवे प्ले शिकवले तर एकही धड होत नाही.

इशारा: अमेरिकन कॉलेज सामन्यांचे व्हिडिओ बघून प्ले उचलताना घड्याळ लक्षात ठेवा. तिथल्या पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांचे दोन हाफ आणि 30 सेकंदांचं शॉट क्लॉक असतं. तिथे 22व्या सेकंदाला निवांत सुटणारा शॉट आपल्याकडे बझरच्या तोंडावर येतो.

## 8. फाउल आणि टाइमआउटचा हिशेब

ज्याच्यावर अवघड माणूस दिलाय त्याचं फाउलचं बजेट ठरवा: पहिल्या क्वार्टरअखेर जास्तीत जास्त एक, हाफ टाइमपर्यंत दोन. तिसरा हाफ टाइमच्या आधी आला तर तो बसणार, वाद नाही. क्वार्टरमध्ये टीमचे चार फाउल झाले की पाचव्यापासून साध्या फाउललाही दोन फ्री थ्रो मिळतात. तेव्हा चार झाल्याची हाक बेंचवरून एकाने मोठ्याने द्यायची, आणि ते काम कुणाचं हेही आधी ठरवायचं.

टाइमआउट पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन. न वापरलेले पुढे नेता येत नाहीत. चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दोनच घेता येतात, म्हणजे तिन्ही जपून ठेवले तर एक फुकट जातो. एक मात्र त्या वेळेसाठी नक्की राखा. बॉल आपल्या बॅककोर्टमधून (आपल्या रिंगकडच्या अर्ध्या कोर्टमधून) मिळणार असेल तर त्या टाइमआउटनंतर तो पुढच्या कोर्टमधून आत टाकता येतो. तसं केलंत तर शॉट क्लॉक जास्तीत जास्त 14 सेकंदांचं मिळतं, तेव्हा तिथून कोण बॉल टाकणार आणि कुणाला, हे सरावात करून झालेलं असावं.

## 9. शेवटच्या तीन दिवसांचा सराव

तीन दिवस आधी: बेंचवरच्या पाच जणांना त्यांची टीम बनवा. जर्सीवर टेपने त्यांचे नंबर लावा. सात नंबर बनलेल्याने उजवीकडूनच जायचं, डावीकडे थांबून शॉट घ्यायचा. ही भूमिका मन लावून करणारा मुलगा टीमच्या फार उपयोगाचा असतो, त्याला तसं सांगाही.

दोन दिवस आधी: चालत चालत स्क्रीनचा तक्ता. पळायचं नाही, फक्त हाका आणि जागा. मग पंधरा मिनिटं पूर्ण वेगात, त्यात मुद्दाम मुख्य डिफेंडरला ‘तुझे चार फाउल’ म्हणून बाहेर काढा.

आदल्या दिवशी: तासाभराच्या आत आटपा. फ्री थ्रो, बॉल आत टाकण्याच्या जागा, बस्स. प्रत्येक खेळाडूला त्याच्यापुरत्या तीन ओळी कागदावर द्या: कुणाला धरायचं, त्याला कुठल्या बाजूला ढकलायचं, हेल्पला (साथीदाराच्या माणसाला अडवायला) कधी जायचं. अख्खं पान कुणालाच नको. आणि टीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच टाकू नका. संध्याकाळच्या क्लबमधून ते रात्रीपर्यंत समोरच्या कॉलेजमध्ये पोहोचलेलं असतं.

## 10. सामन्याच्या दिवशी

कोर्ट उघड्यावर, सिमेंटचं असेल तर लवकर पोहोचून कोपऱ्यातली धूळ बघा. कोपऱ्यात उभा राहणारा शूटर ‘सोडायचा’ की नाही हे त्यावरही ठरतं. दुपारचा सामना असेल तर कुठल्या रिंगकडे खेळताना ऊन डोळ्यांवर येतं ते बघा.

फिबाच्या नियमानुसार सामन्याच्या निदान 10 मिनिटं आधी कोचने स्कोअरशीटवर सही करून सुरुवातीचे पाच सांगायचे असतात, आणि ज्या टीमचं नाव वेळापत्रकात आधी आहे तिने आधी. तुमचं नाव दुसरं असेल तर घाई करू नका. त्यांचे पाच बघा, आपल्या पानाशी ताडून पाहा, मग सही करा. तुमचं नाव पहिलं असेल तर बिनचेहऱ्याचे पाच द्या: मुख्य डिफेंडर बेंचवर ठेवून दुसऱ्या मिनिटाला आणलात तरी काही बिघडत नाही.

टेबलावर मिळालेली यादी आणि कोर्टवर वॉर्म-अप करणारे नंबर जुळतात का तेही पाहा. जर्सीची अदलाबदल स्थानिक स्पर्धांत होत असते. ‘सातला धर’ म्हणून पाठवलेला मुलगा भलत्यालाच धरून बसायचा.

## 11. पहिली चार मिनिटं आणि हाफ टाइम

पहिल्या चार मिनिटांत स्कोअरबोर्ड बघू नका. बेंचवरच्या एकाला कागद द्या आणि तीनच गोष्टी टिपायला सांगा: त्यांचा ‘सोडलेला’ किती शॉट घेतोय, त्यांचा मुख्य खेळाडू बॉल कुठे घेतोय, आपल्या कच्च्या डिफेंडरला किती वेळा स्क्रीनमध्ये ओढलं. सोडलेला शॉट घेतोय आणि मुख्य खेळाडू रिंगपासून लांब बॉल घेतोय, तर योजना चाललीय, मग आपण सहा गुणांनी मागे का असेना. मुख्य खेळाडूचे गुण कमी आहेत पण तो आरामात आत शिरून पास देतोय, तर चाललेली नाही, आपण पुढे असलो तरी.

हाफ टाइमला एकच मॅच-अप बदला. दोन बदलले की स्क्रीनचा तक्ता पूर्ण कोलमडतो आणि तिसऱ्या क्वार्टरची पहिली तीन मिनिटं ‘कोण कुणाचा’ या भांडणात जातात. बदल सांगताना ज्याच्याकडून माणूस काढून घेताय त्याला नवं काम त्याच वाक्यात सांगा: ‘सात आता याच्याकडे, तू चारवर, आणि चार वर आला की ओरडायचं.’ मग ज्याला सात दिलाय त्याच्याकडून त्या तीन ओळी वदवून घ्या आणि पोरांना पाणी पिऊ द्या.